मास्क खाली घे, मग बोल

टीबी झालेल्या माणसाला पहिल्या दिवशी सगळे एकच सांगतात, घाबरू नका. मी उलट सांगते. घाबरून घ्या, आणि चांगलं पोटभर घाबरून घ्या. मी पहिले काही दिवस फार शहाण्यासारखी वागले. ती सगळी भीती नंतर नको तिथे बाहेर पडली, एकदा तर भाजीवाल्यासमोर वांगी निवडताना.

लिहायचं कारण असं की इथे जबलपूरजवळ खमरियात, आमच्या फॅक्टरी क्वार्टरच्या मागच्या ओळीत एका मुलीला हाच आजार निघाला. तिची आई माझ्याकडे आली, पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ बोलत राहिली. मला ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ दिसले तरच बोलणं कळतं, आणि तिचे ओठ पदराआड होते. रडणाऱ्या बाईला पदर बाजूला कर म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून तिच्या लेकीसाठी हे लिहून देते आहे. यातलं बरंचसं आमच्या डॉक्टरबाईंबद्दल असेल, कारण माझा आजार आणि बाई मला वेगळे काढता येत नाहीत.

आणि पोरी, एक गोष्ट आधीच सांगते. ज्या सुयांनी माझे कान नेले, त्या आता जवळजवळ बंद झाल्या आहेत. तुझं बहुतेक गोळ्यांवरच भागेल. तेव्हा पुढचं वाचताना कानाला हात लावून बसू नको.

बिगडी टीबी

खोकला दिवाळीपासून होता. वजन उतरत होतं, आणि हळदीकुंकवाला भेटलेल्या बायका कौतुकानं विचारत होत्या, "काय करून राहिली गं? आम्हालेही सांग." मी तेव्हा ओमतीतल्या एका कोचिंग क्लासमध्ये फोन घ्यायचे. "जी, एडमिशन चालू हैं" एवढं वाक्य एका दमात होईना, तेव्हा तपासून घेतलं. टीबी निघाली, गोळ्या सुरू झाल्या. बाकीच्यांचा ताप उतरला, माझा उतरला नाही. पुन्हा तपासणी झाली आणि कळलं की माझ्या जंतूंवर त्या गोळ्या चालतच नव्हत्या.

वॉर्डात याला बिगडी टीबी म्हणतात. "बिगड़ी वाली है, इधर लिटाओ," असं कुणीतरी म्हणालं आणि मला वाटलं, म्हणजे न बिघडलेली, गुणी टीबीही असते की काय.

प्रशांत, माझा नवरा, फॅक्टरीतून कामाच्या कपड्यांतच आला होता. त्यानं डॉक्टरांना आजाराबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाला, "घर में छोटी बच्ची है." डॉक्टर म्हणाले, "फिर उसे दूर रखिए."

तन्वी जेमतेम बोलायला लागली होती. आई, पाणी, भूभू, नाई. त्यातलं 'नाई' सगळ्यांत स्पष्ट. सासूबाई वर्ध्याहून आल्या आणि तिला घेऊन गेल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तू बरी झाली का आणून देतो," एवढंच दाराकडे बघत म्हणाल्या. मी रस्त्याच्या पलीकडे मास्क लावून उभी होते. ऑटो वळताना तन्वीनं आई म्हणून हाक मारली. मी हात हलवला. मग मी दवाखान्यात परत गेले, कारण सुईची वेळ झाली होती.

करंजाखाली

वॉर्डातला दिवस गोळ्यांनी उजाडायचा. मूठभर गोळ्या गिळायच्या आणि जीभ बाहेर काढून दाखवायची, शाळेतल्या पोरांसारखी. मग सुई. ती कमरेखाली असायची, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, म्हणून आम्ही सगळ्या जणी एका बाजूला कलून बसायचो. सुई द्यायला शकुन दीदी नावाची सिस्टर होती. "रो लो, रो लो, रोने से फेफड़ा खुलता है," असं ती म्हणायची. ते खरं नव्हतं, पण रडायला परवानगी मिळाल्यासारखं वाटायचं.

बाई मात्र वॉर्डात तपासत नसत. डॉ. कुमुद वाघदरे. आम्ही मराठी पेशंट त्यांना बाई म्हणायचो. नवीन वॉर्डबॉय दचकायचा, कारण त्याच्या हिंदीत बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. खेड्यातून आलेल्या बुंदेली म्हाताऱ्यांना मात्र त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांच्यात आईलाच बाई म्हणतात.

दवाखान्याच्या मागे करंजाचं मोठं झाड होतं. त्याच्याखाली एक बाक आणि एक लोखंडी खुर्ची. बाई आधी पानं कुठल्या बाजूला हलतात ते बघायच्या, मग वारा आपल्या पाठीमागून येईल अशी खुर्ची ठेवायच्या. पेशंटला उजेडाकडे तोंड करून बाकावर बसवायचं. आणि पहिलं वाक्य कायम तेच, मराठीत किंवा हिंदीत: "मास्क खाली घे, मग बोल."

मी घाबरले. ज्या आजारासाठी मास्क लावायला शिकवलं, त्याची डॉक्टर तो काढायला सांगत होती. "उघड्यावर हवा आजार वाहून नेते," त्या म्हणाल्या. "खोकला आला तर तोंड फिरव आणि पुन्हा लाव. मला बोलणारं माणूस पूर्ण दिसलं पाहिजे."

गळ्यात स्टेथोस्कोप असायचा, पण तो मंगळसूत्रासारखा नुसता लटकलेला. त्या शेजारी उभ्या राहून पाठीवर तळहात ठेवायच्या आणि मान वळवून माझ्या तोंडाकडे बघायच्या.

"नव्व्याण्णव म्हण."

"निन्यानवे," मी म्हटलं.

"मराठी ना तू?"

"हो. सासर वर्ध्याचं, माहेर इथलंच. शाळा हिंदीत झाली. पन्नासच्या पुढचे आकडे मराठीत येत नाहीत मला."

"मग एवढा एक शिकून घे. निन्यानव्यानं तुझी छाती माझ्या हाताखाली हलत नाही."

तेव्हा माझ्यावर हसल्या त्या. क्षयाच्या दवाखान्यात कुणी हसतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

बाई

त्यांच्याबद्दल जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी, काही शकुन दीदीकडून, काही त्यांच्याकडून. बाई यवतमाळकडच्या. वडील शाळामास्तर. डॉक्टर व्हायला जबलपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. बरोबरीचे सगळे जण हृदय, डोळे, बाळंतपणं अशा बऱ्या खात्यांकडे गेले. छातीच्या रोगांकडे कुणी जाईना, म्हणून त्या गेल्या. घरच्यांना वाटलं शिक्षा झाली असेल.

त्या काळी टीबीचा माणूस घरच्यांना नको असायचा. त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, तो गोठ्याशेजारच्या खोलीत, खोलीला एकच खिडकी, तीही थंडी लागेल म्हणून बंद. बाई मोपेडवर घरोघर जायच्या आणि पेशंटच्या ताटातला घास उचलून सगळ्यांदेखत खायच्या. "जंतू ताटात नाही बसत, हवेत उडतात. ताट एकच ठेवा, खिडकी उघडा." उष्टं खाणारी डॉक्टर बघून सासवा तोंडात बोट घालायच्या. टाकलेल्या कितीतरी सुना त्यांनी अशा परत स्वयंपाकघरात नेऊन बसवल्या.

वॉर्डाच्या खिडक्या कधीकाळी खिळे ठोकून बंद केलेल्या होत्या. "मैडम खुद हथौड़ी लेके स्टूल पे चढ़ गई थीं," शकुन दीदी सांगायची. "साहब लोग नीचे खड़े बोल रहे थे, उतरिए मैडम, उतरिए." दवाखान्यात पाठवलेला माणूस विसरायचा हीच रीत असताना घरी ठेवून बरा करायचं काम आमच्या भागात आधी त्यांनी सुरू केलं. झाडाखालची ओपीडीही त्यांचीच, आणि पुढे दुसरीकडच्या डॉक्टरांनी ती उचलली. लोक म्हणायचे, बाई हवेच्या वेड्या आहेत.

मग त्यांनाच टीबी झाली, पेशंटकडून, आणि बिघडलेली. तेव्हा त्यांच्या लग्नाचं ठरत आलं होतं. ते मोडलं. सुया घेतल्या, बऱ्या झाल्या, एक फुप्फुस आक्रसून गेलं, आणि त्या पुन्हा त्याच खात्यात हजर झाल्या. परतल्यावर त्यांनी नवीनच हट्ट धरला. पहिल्या सुईच्या आधी प्रत्येकाचे कान तपासायचे, आणि मग दर महिन्याला. छातीच्या रोगात कानाचं काय काम, असं सगळे विचारत. बाई तपासणी झाल्याशिवाय सुई देऊ देत नसत.

कुकर

मला घरी सोडलं, पण सुई रोजची होतीच, जवळच्या आरोग्य केंद्रात. कान तपासायचा बाईंचा नियम तिथे नव्हता, आणि मशीनही नव्हतं. मी दिवसभर संध्याकाळची वाट बघायचे. संध्याकाळी सासूबाई फोन लावून तन्वीच्या हातात द्यायच्या. ती रोज एक नवा शब्द घेऊन यायची. बकरी. आंबट. माह्यं. बरं व्हायचं कशासाठी, असं कुणी मला तेव्हा विचारलं असतं तर मी त्या फोनकडे बोट दाखवलं असतं.

मग तिचं बोलणं पुसट व्हायला लागलं. मला वाटलं, वर्ध्याला रेंज नाही. मी सासूबाईंना म्हणायचे, "अंगणात नेऊन बोलू द्या ना तिला." त्या बिचाऱ्या थंडीत शाल गुंडाळून तिला अंगणात न्यायच्या. तरी मला नीट ऐकू येईना. मी रेंजवाल्यांना मनातून पुष्कळ शिव्या दिल्या.

एका सकाळी वरण करपलं. प्रशांत ओल्या अंगानं आंघोळीतून बाहेर आला. "शिट्ट्यावर शिट्ट्या होऊन राहिल्या, ऐकू नाई येत का तुले?"

तो चिडून बोलला होता. त्याचं सगळं मला ऐकू आलं होतं, अगदी स्वच्छ. कुकर आम्हा दोघांच्या मध्ये होता आणि शिट्टी देत होता. मला फक्त वाफ दिसत होती.

त्या दिवशी मी करंजाखाली गेले तेव्हा बाईंचा चष्मा खाली पडला होता आणि त्या वाकून पाचोळ्यात तो चाचपत होत्या. मला धीर निघेना. मी त्यांच्या पाठीलाच म्हटलं, "बाई, मला ऐकू येईनासं झालं आहे." त्या चाचपत राहिल्या. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. झाडापलीकडे शकुन दीदीनं वळून पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही. चष्मा सापडला, तो पदराला पुसून डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे तोंड केलं आणि माझे ओठ हलताना दिसले तेव्हा म्हणाल्या, "काय म्हणालीस?"

उजेडाकडे तोंड करून ठेवलेला तो बाक, खाली घ्यायला लावलेला मास्क, नुसती लटकणारी नळी, पाठीवरचा तळहात, सगळं मला त्या एका क्षणात कळलं.

"काहून बघून राहिली अशी?" त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्यावरून त्यांनाही कळलं. "हो. त्याच सुईनं. केसांआड मशीन आहे एक, पण ते खुर्च्या सरकवल्याचे आवाज मोठे करतं, माणसांचे नाही."

"कुणाला माहीत नाही?"

"शकुनला आहे. बहिरी डॉक्टर म्हटलं की आधी लोक हसतात, मग टेबलाचं काम देतात. तू सांगू नको."

मी माझं सांगितलं. कुकर, फोन, अंगण. त्यांनी सगळं ओठांवरून वाचून घेतलं. "आधी बारीक आवाज जातात," त्या म्हणाल्या. "शिट्टी, घंटी. बायांचे, पोरांचे. पुरुषांचे मागाहून."

"म्हणजे प्रशांत ऐकू येईल आणि तन्वी नाही?"

"हो," बाई म्हणाल्या.

विचारणं

मग त्यांनी माझ्यापुढे सगळं उघडं ठेवलं. सुई थांबवली तर आजार उलटू शकतो, आणि उलटला तर हातात फार काही उरत नाही. चालू ठेवली तर जीव वाचायची चांगली आशा, पण कान जाणार. नव्या गोळ्या निघाल्या होत्या, त्यांना सुई लागत नाही. मोठ्या शहरांत त्या मिळत होत्या, आमच्याकडे नाही. "मी त्या गोळ्या मागून राहिले. कधी येतील सांगू शकत नाही. मला माझ्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तुला विचारते."

विचारणं ही मोठी गोष्ट आहे असं आता वाटतं. तेव्हा मला त्यांचा राग आला. डॉक्टरनं ठरवावं आणि आपण नशिबाला बोल लावावा, हे किती सोपं असतं.

मी घरी येऊन प्रशांतला सांगितलं की मी सुई बंद करणार. तन्वी आता कुठे बोलायला लागली आहे. तिचं बोलणंच ऐकायचं नसेल तर हे सगळं कशाला. प्रशांत कमी बोलणारा माणूस. तो बुटाची नाडी सोडत, मान वर न करता म्हणाला, "तिले बहिरी आई चालते, सुषमा. आई नसली तर नाई चालत."

"आणि मला?"

"तुले नाई चालत, माहीत हाये मले," तो म्हणाला, आणि रडायला लागला. लग्नानंतर त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं. त्याचं रडणं मला ऐकू येत होतं, हेही तेव्हा खटकलं.

दुसऱ्या दिवशी मी सुई घेतली. फोनवर तन्वी अजून यायची. मी कानाला फोन लावून "हो का? आणि मग?" म्हणत राहायचे. पलीकडून एक बारीक खरखर यायची, पुढे तीही आली नाही. सासूबाईंच्या घरी व्हिडिओचा फोन नव्हता. प्रशांतनं घेऊन पाठवला, तर तन्वी त्यात कपाळ आणि छत दाखवायची.

पोट आणि बोट

बाईंनी मला ओठ वाचायला शिकवलं. पेशंट संपले की माझा नंबर. त्या जरा अंतरावर खुर्चीत, मी बाकावर, दोघींचे मास्क खाली.

"प, ब, म एकसारखे दिसतात," त्या म्हणायच्या. "बाबा आणि मामा यांतलं कोण आलं, ते दार उघडून बघावं लागतं." एकदा एक म्हातारा त्यांना बोट दुखतं म्हणून सांगत होता आणि त्या त्याला झोपवून पोट दाबत बसल्या. तो डॉक्टर समजून सगळं सहन करत होता. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की खोकला लागला, आणि तो लवकर थांबेना.

मला एक गोष्ट लक्षात आली. हिंदी माझी जन्मभराची, शाळेची, नोकरीची. पण ओठांवर ती मला कमी कळायची आणि मराठी जास्त. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मलाही तसंच. हिंदी आपण कानानं शिकलो. मराठी आईच्या मांडीवर, तिच्या तोंडाकडे बघून." हे कुठल्या पुस्तकात असेल असं वाटत नाही, पण माझ्यापुरतं खरं आहे.

नव्या गोळ्यांसाठी त्या भोपाळला खेटे घालत होत्या. तिथले साहेब तोंडाशी हात धरून बोलायचे, मग बाई म्हणायच्या, पुन्हा सांगा. पुन्हा पुन्हा सांगायला लावतात म्हणून त्या फार कडक आहेत असं तिथं नाव झालं होतं. गोळ्या अखेर आल्या. त्या दिवशी माझी सुई बंद झाली. तोवर माझ्या कानात ट्रकची घरघर आणि लग्नाच्या बँडमधला ढोल एवढंच उरलं होतं.

मला आनंद झाला नाही. माझ्यानंतर वॉर्डात आलेल्या एका पोरीला सुई लागलीच नाही. ती खाटेवर बसून फोनवर खिदळत होती आणि मी तिचा हेवा करत होते. अजूनही कधीकधी करते. बाई माझ्याजवळ आल्या, मास्क खाली घेतला आणि म्हणाल्या, "उशीर झाला." मी म्हटलं, तुम्ही काय करणार. त्या म्हणाल्या, "आणखी भांडायला पाहिजे होतं." डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी बघितलं की धीर सुटतो म्हणतात. मला उलट बरं वाटलं, कुणीतरी माझ्या कानांसाठी रडलं म्हणून.

काच

पुढच्या थंडीत बाईंना निमोनिया झाला. एका फुप्फुसावर चाललेलं माणूस ते. सिविल लाइन्समधल्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. शकुन दीदी मला घ्यायला आली. तिनं फोनवर टाइप करून दाखवलं: सब कह रहे हैं मैडम होश में नहीं हैं, उल्टा-सीधा जवाब देती हैं.

तिथली मंडळी चांगली होती, मनापासून करत होती. पण सगळ्यांच्या तोंडाला मास्क. बाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा घट्ट मास्क, त्यावर चष्मा बसत नव्हता, त्यामुळे जवळचं लिहिलेलंही दिसत नव्हतं. कुणी कानाशी ओरडत होतं, आणि त्या अंदाजानं उत्तरं देत होत्या. दुखतं का विचारलं तर म्हणायच्या, "उद्या या." इतक्या पेशंटना बोलतं करणाऱ्या बाई तिथे कुणाचंच बोलणं न कळता पडून होत्या.

मी शकुन दीदीकडे पाहिलं. सांगू नको असं त्यांनी आम्हा दोघींनाही सांगितलं होतं. दीदीनं होय म्हणून मान हलवली, आणि मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. माझा आवाज किती मोठा निघाला कोण जाणे, सगळे वळून बघायला लागले.

पलंग खिडकीला लागून होता. खिडकीबाहेर व्हरांडा. आत मास्क काढू देत नव्हते, म्हणून मी व्हरांड्यात जाऊन काचेपलीकडे उभी राहिले, तोंडावर उजेड येईल अशी, मास्क खाली घेऊन. बाईंची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. लांबचं त्यांना चष्म्याशिवाय दिसायचं. मग डॉक्टर जे सांगत ते दीदी बाहेर येऊन मला फोनवर लिहून दाखवायची आणि मी ते काचेतून बाईंना मराठीत म्हणायचे. कुठे दुखतं. श्वासासाठी घशात नळी टाकायची का. नळी टाकली तर निघेलच असं नाही. असले प्रश्न मी माझ्या तोंडानं त्यांना विचारले, कारण त्यांना विचारायला दुसरं तोंड नव्हतं.

त्यांनी नळी नको म्हणून हात हलवला. मग मास्क थोडा उचलून काहीतरी बोलल्या. "गोळ्या घेतल्या का सकाळच्या?" मी हो म्हटलं. "पोरगी आली?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. नर्सनं मास्क पुन्हा बसवला. थोड्या वेळानं त्यांनी तो परत उचलला आणि म्हणाल्या, "भीती वाटून राहिली. जाऊ नको."

मी गेले नाही. प्रशांतनं घरून स्वेटर आणून दिला. काचेतून मी त्यांना काय काय सांगत बसले, खमरियातल्या गोष्टी, शेजारणीचं भांडण, बाजारात आलेले पेरू. त्या ऐकत होत्या, म्हणजे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत, आणि मग माझं बोलणं पोचण्यासारखं राहिलं नाही. तरी मी थोडा वेळ बोलत राहिले.

तन्वी

तपासण्या स्वच्छ आल्या आणि सासूबाई तन्वीला घेऊन आल्या. ऑटोतून एक उंच, कापलेल्या केसांची मुलगी उतरली आणि आजीच्या पाठीमागे लपली. वर्ध्यानं तिला चांगलं बोलतं केलं होतं. तिचं तोंड क्षणभर बंद नव्हतं. तिला माझ्याबद्दल सांगायचं कसं यावर आम्हा मोठ्यांचं ठरलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, हळूहळू समजेल. या वेळी त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, म्हणून मला कळलं.

पहिला दिवस ती माझ्या आजूबाजूला फिरत होती. समोर आली की मी हसायचे, जवळ घ्यायचे. ती लाजायची आणि निसटायची.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. मागून ओढणी ओढली गेली. वळून पाहिलं तर तन्वी, डोळे भरलेले, करंगळी माझ्यापुढे ताठ धरलेली. तिचे ओठ हलले. मला काही कळलं नाही. दारात प्रशांत उभा होता. तो जवळ आला आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला, "केव्हाची तुह्या मांगं उभी राहून बोलून राहिली ती. विचारते, आई माह्याशी कट्टी हाये का."

कट्टी हा शब्द ओठांवर दिसत नाही. त्याची सगळी अक्षरं तोंडाच्या आतच होतात.

मी पिठाच्या हातांनी खाली बसले. दोन बोटं पुढे करून आधी बट्टी केली. मग तिला सांगितलं की आईचे कान औषधानं गेले, तू मागून हाक मारलीस तर आईला कळत नाही, समोर येऊन बोललीस तर दिसतं. तिनं माझे दोन्ही कान हातानं चाचपून पाहिले. ते जागच्या जागी होते, त्यामुळे तिचा विश्वास बसेना. मग माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि सांगायला लागली. बकरीचं पिल्लू, विहीर, आजीनं मारलं, असं काहीसं. अर्धं मला कळलं. अर्ध्याला मी मान हलवली.

संध्याकाळी ती अंगणात शेजारच्या पोरांशी बोलत होती. मी पायरीवर बसून बघत होते. प्रशांत चहा घेऊन आला तेव्हा मी त्याला विचारलं, "कसा आहे रे तिचा आवाज?"

त्यानं तिच्याकडे कान देऊन थोडं ऐकलं, मग माझ्याकडे वळला.

"तुह्यासारखा," तो म्हणाला. "एकदम तुह्यासारखा."

मी मान हलवली आणि चहा घेतला. माझा आवाज कसा होता ते मला आता आठवत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.